किनाऱ्यावरचे घर आणि यंत्राचा गारवा

मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तेथे १८४१ पासून घेतल्या जात होत्या आणि ट्रामच्या विद्युत्प्रवाहामुळे त्या निरुपयोगी ठरणार होत्या. वेधशाळेचे तत्कालीन संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली आणि १९०४ मध्ये तेथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिची इमारत उभारताना सह्याद्रीचा काळा पाषाण वर्ज्य ठरला, कारण त्याच्या अंगीच चुंबकत्व असते. त्याऐवजी पोरबंदरचा दगड वापरण्यात आला आणि लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. शिवाय उपकरणांच्या खोलीतील तापमान दिवसरात्र शक्य तितके स्थिर राहावे, अशी तिची बांधणी करण्यात आली. हे काम करावयाचे होते ते भिंतींनी आणि छपराने. दोनच वर्षे आधी, १९०२ मध्ये, विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन अभियंत्याने आधुनिक वातानुकूलन यंत्रणेचा आराखडा तयार केला होता. तोही माणसांच्या सुखासाठी नव्हे, तर ब्रुकलिनच्या एका छापखान्यातील कागद दमट हवेने फुगू-आकसू नये म्हणून.

उपकरणाला आणि कागदाला बंदिस्त, स्थिर हवा मानवते. माणसाला, विशेषतः रायगडच्या किनाऱ्यावरील माणसाला, ती मानवत नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथे मे महिन्यातही कमाल तापमान सर्वसाधारणपणे ३३ अंश सेल्सियसच्या आसपास असते. नागपूर-चंद्रपूरकडचा माणूस ४५ अंश सोसून येथे येतो आणि पहिल्याच रात्री घामाने बेजार होतो, याचे कारण पाऱ्यात नाही, बाष्पात आहे. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते. हवाच बाष्पाने भरलेली असेल तर घाम सुकत नाही, निथळत राहतो. म्हणूनच विदर्भ-खानदेशात वाळ्याचे पडदे किंवा कूलर जी किमया करतात, ती कोकणात साधत नाही. कूलर येथे ओलसर हवेत आणखी ओल मिसळतो, एवढेच. दमट प्रदेशात अंगावरून वाहता वारा हाच स्वस्तातला एकमेव उपाय आहे, आणि वाऱ्याला वाट देणे हे मुळात घराच्या रचनेचे काम आहे.

ही गोष्ट जुन्या कोकणी घराला ठाऊक होती, असे सर्रास म्हटले जाते, आणि ते बहुतांशी खरेही आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, उतरते चौपाखी छप्पर, पुढची ओटी, सभोवार पडवी, वर माळा, आणि हे सारे नारळी-पोफळीच्या वाडीच्या सावलीत. पडवीचा उतार इतका खाली आलेला की आत शिरताना उंच माणसाला मान वाकवावी लागे. या खाली आलेल्या पडवीत एक मोठे शहाणपण दडले होते. या किनाऱ्याचा समुद्र पश्चिमेला आहे. दुपारचे खारे वारे तिकडूनच येतात आणि मावळतीचे तिरपे ऊनही तिकडूनच येते. वारा हवा आणि ऊन नको, असा हा विचित्र तिढा आहे. बुटकी पडवी तो सोडवीत असे. ऊन वर अडे आणि वारा खालून आत शिरे. मंगळुरी कौलांच्या सांध्यांतून माळ्यावरची तापलेली हवा निसटून जाई. कौल पातळ असल्यामुळे सूर्य मावळताच ते निवत असे.

तरीही परंपरेचे गोडवे गाताना थोडे सावध राहिलेले बरे. मंगळुरी कौल हे काही अनादिकाळापासून कोकणात नव्हते. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून यंत्रावर दाबलेल्या या कौलांचा प्रसार पश्चिम किनाऱ्यावर होत गेला. त्यापूर्वी कुंभाराची नळीची कौले होती, गवताची आणि झावळ्यांची छपरे होती. म्हणजे ज्याला आज ‘पारंपरिक’ म्हणून गौरविले जाते, तेदेखील एके काळी कारखान्याचे नवे उत्पादनच होते. कोकणातल्या माणसाने ते पारखून घेतले आणि आपल्या हवेला जुळते म्हणून ठेवले. जुन्या घराची माजघरेही काळोखी असत, स्वयंपाकघरात धूर कोंडे, आणि दर पावसाळ्यापूर्वी कौले परतण्याचा खर्च असे तो वेगळाच. वानरांचा उपद्रव वाढला, कौले परतणारी माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा घरमालकाला स्लॅबचा मोह पडला तर त्याला दोष कसा द्यावा?

मोहाचे रूपांतर निर्धारात झाले ते ३ जून २०२० या दिवशी. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यांनी अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील छपरे उडविली, कौलांचा चुरा केला आणि नारळ-सुपारीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या केल्या. स्लॅबची घरे मात्र उभी राहिली. ज्याने ती रात्र उघड्या आकाशाखाली, भिजलेल्या धान्याशेजारी काढली, त्याला कौलांच्या गारव्याचे व्याख्यान देणे हे निर्दयपणाचे होईल. त्याने निष्कर्ष काढला तो स्वाभाविक होता: पुन्हा कौले नकोत, जमले तर स्लॅब, नाही तर पत्रे.

या निष्कर्षाची दुसरी बाजू मात्र नंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात प्रत्ययास येत आहे. रायगडचा किनारा साधारण साडेअठरा अक्षांशांवर आहे. मेच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य येथे नेमका डोक्यावर येतो. शाळांतून ज्याला ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणून दाखविले जाते, तो हाच. अशा वेळी भिंतींपेक्षा छपरावर ऊन सर्वांत जास्त पडते. स्वच्छ दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट एवढी ही ऊर्जा असते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ती ९० किलोवॅट होते, म्हणजे दोन किलोवॅटचे ४५ गिझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे. यातली काही परावर्तित होते, काही वारा वाहून नेतो. उरलेली स्लॅब शोषून घेतो. पाच-सहा इंच जाडीच्या काँक्रीटमधून ती खाली उतरण्यास काही तास लागतात. सायंकाळी खारे वारे पडतात आणि मतलई वारे अजून सुरू झालेले नसतात. नेमक्या या निवांत वेळी छताची उष्णता घरात उतरू लागते. झाडे गेल्यामुळे सावलीही गेलेली असते. रात्री अकराला पंखा गरम हवाच खाली लोटतो, ही तक्रार म्हणजे कल्पनेचा खेळ नव्हे.

पत्र्याचे दुखणे निराळे. तो तापतो लगेच आणि निवतोही लगेच. पण दिवसभर त्याच्या खाली बसणे अशक्य होते. वृद्ध माणसे, लहान मुले आणि घरात राहून काम करणाऱ्या बायका यांचा दिवस त्याच छपराखाली जातो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागातून २०१६ पासून सपाटीच्या प्रदेशात घरामागे १.२० लाख रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर असे प्रमाण ठरले. या पैशांत कातकरी किंवा कोळी कुटुंबाने छप्पर घालावयाचे ते कोणते? वादळानंतर मदतीची चर्चा नुकसानीच्या मोजमापाभोवती फिरत राहिली. पुन्हा उभे राहणारे छप्पर वाऱ्यालाही टिकेल आणि उन्हालाही, हा प्रश्न त्या चर्चेत जेवढा यावयास हवा होता तेवढा आला नाही.

वास्तविक वारा आणि ऊन यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, हा समजच अपुरा आहे. कौल उडते ते केवळ स्वतःच्या वजनावर विसंबलेले असते म्हणून. कडेच्या व आढ्याच्या रांगा चुन्या-सिमेंटात बसविणे, मधली कौले गंज न धरणाऱ्या तारेने रिपांना बांधणे, वासे भिंतीवरील काँक्रीटच्या पट्ट्याला पकडीत घेणे, हे खर्चाच्या दृष्टीने फार मोठे उपाय नाहीत. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला अधिक दाद देत नाही. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे ठेवावे, म्हणजे गेलेच तर ते एकटे जाते, मुख्य छप्पर ओढून नेत नाही. आणि ज्यांना स्लॅबच हवा, त्यांना स्लॅबवर सावली धरता येते. कोकणात गळती थांबविण्यासाठी गच्चीवर पत्र्याची शेड उभारण्याची रीत आता घरोघरी दिसते. दिसायला ती ओबडधोबड खरी, पण बाजूंनी मोकळी असेल तर तिच्यासारखी स्लॅबची छत्री दुसरी नाही. तिचे खांब वादळाच्या हिशोबाने रोवलेले हवेत, ही एक अट. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा चुन्याची सफेती ऊन परतवून लावते. मात्र येथल्या पावसात शेवाळ धरून ती काळवंडते, तेव्हा दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ती घासून नवी करावी लागते. पत्र्याच्या घरावर उन्हाळ्यापुरते नारळाच्या झावळ्यांचे झाप अंथरण्याची गरिबाची युक्ती याच विज्ञानावर उभी आहे.

छपरानंतर खिडकी. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तिचा मजकूर अभियंत्यांच्या भाषेत असला तरी दोन आकडे सामान्य घरमालकाने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला छपराचा: आत-बाहेर एका अंशाचा फरक असता एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत जाऊ नये. नुसता उघडा स्लॅब याच्या तिपटीच्या आसपास उष्णता आत सोडतो. दुसरा आकडा खिडक्यांचा: उष्ण व दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र घराच्या जमिनीच्या किमान एकषष्ठांश असावे. कोरड्या उष्ण प्रदेशासाठी हेच प्रमाण दहा टक्क्यांवर ठेवले आहे, यावरून किनाऱ्यावर वाऱ्याचे महत्त्व केवढे ते कळावे. येथे ‘उघडता येणाऱ्या’ हा शब्द कळीचा आहे. अलीकडे घरोघर बसविल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा अर्धाच भाग एका वेळी उघडतो. म्हणजे कागदावर पुरेशी दिसणारी खिडकी प्रत्यक्षात निम्मीच असते. जुन्या दोन फळ्यांच्या, गजांच्या खिडकीत ही लबाडी नव्हती. वर झरोका असे, तो तर आता नकाशातून हद्दपारच झाला आहे.

ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी प्रकल्पांपुढे ठेवून लिहिली गेली आणि तिची अंमलबजावणी राज्यांनी तिला आपल्या नियमांत स्थान देण्यावर अवलंबून ठेवली गेली. तीन-चार गुंठ्यांत निवृत्तीनंतरचे घर बांधणारा शिक्षक किंवा कारकून तिच्या कक्षेत येत नाही. त्याचा नकाशा मंजूर होताना सोडावयाचे अंतर आणि चटई क्षेत्र पाहिले जाते. छप्पर किती तापेल, हे कोणी विचारत नाही. वस्तुतः आयुष्याची पुंजी घालून एकदाच घर बांधणाऱ्या या माणसालाच अशा मार्गदर्शनाची गरज सर्वांत अधिक आहे.

कारण छपराची आणि खिडक्यांची चूक शेवटी विजेच्या बिलात वसूल होते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र रात्रभर आठ तास चालले आणि तासाला सरासरी एक युनिट खाल्ले, असे धरले तरी महिन्याला २४० युनिट होतात. घराचा एरवीचा वापर त्यात मिळवला की ग्राहक ३०० युनिटांची मर्यादा ओलांडून महागड्या टप्प्यात जातो. (‘टन’ हे माप कोठून आले, याचे नवल वाटते. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी शोषणारे यंत्र ते एक टनाचे. मासळीसाठी बर्फाच्या लाद्या मोजून घेणाऱ्या कोळी बांधवांना हे माप अभियंत्यापेक्षा लवकर उमगेल.) दमट हवेत या यंत्राची आणखी एक परवड होते. हवेतले एक लिटर पाणी वेगळे काढण्यासाठी सुमारे दोनतृतीयांश युनिटइतकी उष्णता यंत्राला बाहेर टाकावी लागते. दार उघडे राहिले, खिडकीच्या फटी बुजविल्या नाहीत, की समुद्रावरचे बाष्प आत येतच राहते आणि यंत्र खोली थंड करण्याऐवजी अरबी समुद्र सुकविण्याच्या उद्योगाला लागते. खाऱ्या हवेने त्याच्या बाहेरच्या भागाच्या पातळ पट्ट्या गंजतात, तेही ध्यानात ठेवावे.

याचा अर्थ वातानुकूलन हे पाप आहे, असा नाही. आजारी माणसाला, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला, परीक्षेच्या विद्यार्थ्याला ते हवे असेल तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण संपूर्ण घर खुले ठेवून एकच निजायची खोली नीट बंद होईल अशी बांधली, तिचे छप्पर सावलीत ठेवले, तर लहान यंत्रावर भागते. २०२० च्या प्रारंभापासून तारांकित यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून विकण्याचा नियम झाला. एक अंश वाढविला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा हिशोब आहे. २४ ऐवजी २७ अंश ठेवून वर पंखा लावावा. नव्या प्रकारचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, जुना ७५. वादळानंतर कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. ज्यांची घरे यंत्राच्या भरवशावर काचा लावून बंद केलेली होती, त्यांना त्या दिवसांत स्वतःच्या दिवाणखान्यात बसवेना.

समुद्राकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या नव्या बंगल्यांची गोष्ट याहून निराळी नाही. मांडव्याला २०२० मध्ये रो-रो बोट लागू लागली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला आणि मुंबईचा पैसा या किनाऱ्यावर अधिक वेगाने येऊ लागला. त्याबरोबर पश्चिमेच्या अखंड काचेच्या भिंतीही आल्या. दृश्य सुंदर दिसते खरे, परंतु दुपारी तीननंतर पडदे ओढावे लागतात आणि यंत्र लावावे लागते. मग समुद्र दिसत नाही तो नाहीच. याच किनाऱ्यावर नांदगाव येथे वास्तुकार बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये नारळीच्या वाडीत ‘पामायरा हाउस’ नावाचे घर बांधले. ताडाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्यांच्या जाळीदार भिंती हे त्याचे वैशिष्ट्य. त्या ऊन गाळतात आणि वारा आत घेतात. आवारातील विहिरींचे पाणी एका मनोऱ्यावर चढविले जाते आणि तेथून स्वतःच्या वजनाने घरात उतरते. २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत ते होते. ते श्रीमंताचे विश्रांतिगृह आहे, खाऱ्या हवेत एवढे लाकूड राखण्याचा खर्च सामान्याच्या आवाक्यातला नाही, हे कबूल. पण पडवीने सोडविलेला तिढा तिथे पट्ट्यांनी सोडविला आहे, आणि बांबूच्या चटईने किंवा सिमेंटच्या जाळीनेही तो सोडविता येतो.

पाणी ही घराची दुसरी बाजू, आणि तिच्याकडे घरमालक सहसा प्लंबर येईपर्यंत पाहतच नाही. कोकणात घर ऊबदार ठेवण्याचा प्रश्न नाही. तापवावे लागते ते पाणी. एके काळी न्हाणीत तांब्याचा बंब नारळाच्या सोडणांवर धडधडत असे. त्याची जागा गिझरने घेतली. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास जवळजवळ तीन युनिट वीज लागते, आणि हा आकडा भौतिकशास्त्राचा असल्याने कोणत्याही कंपनीचा गिझर त्यात सूट देऊ शकत नाही. ज्या गच्चीवर दिवसा ९० किलोवॅट ऊन पडते, त्याच गच्चीखाली हे तीन युनिट विकत घेणे, हा विनोद म्हणावा लागेल. सौर बंब वर्षाचे आठ महिने हे काम फुकट करतो. पावसाळ्यात पूरक वीज लागते. त्याहून मजेची गोष्ट अशी, की उन्हाळ्यात एकाच घराच्या एका खोलीतून यंत्र उष्णता उपसून रस्त्यावर फेकते आणि पलीकडच्या खोलीत गिझर उष्णता विकत घेतो. हवेतील उष्णता पाण्यात भरणारा ‘हीट पंप’ आता मिळतो. तो गिझरच्या साधारण एकतृतीयांश विजेत भागवितो आणि येथल्या उबदार, दमट हवेत उत्तम चालतो. हॉटेले आणि विश्रामगृहे यांनी त्याचा विचार अग्रक्रमाने करावयास हवा.

मात्र नळ्या चुकल्या तर हे सारे व्यर्थ जाते. सौर बंब गच्चीच्या एका टोकाला आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला असले की मधल्या १५ मीटर नळीत, ती १५ मिलिमीटर व्यासाची असली तरी, अडीच लिटरांहून अधिक पाणी अडकून राहते. दर वेळी ते गार पाणी आधी ओतून द्यावे लागते आणि नळ बंद केल्यावर तेवढेच ऊन पाणी नळीत निवत राहते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाठीला पाठ लावून, टाकीच्या खाली, ही जुनी साधी मांडणी नळकामाचा खर्च आणि पाणी दोन्ही वाचविते. उन्हाळ्यात काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते. टाकीवर झापांची सावली धरली तर ते थांबते.

पंपाच्या विजेची मात्र उगाच धास्ती घेतली जाते. हजार लिटर पाणी दहा मीटर चढविण्यास, पंपाची अकार्यक्षमता धरूनही, दशांश युनिटच्या आसपास वीज पुरते. जुन्या साडेबारा लिटरच्या फ्लशऐवजी तीन आणि सहा लिटरची टाकी बसवावी ती विजेसाठी नव्हे, विहिरीसाठी. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. याचाच उलटा अर्थ असा, की पातळी हातभर खाली गेली तर खारे पाणी चाळीस हात वर सरकू पाहते. अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, याचे पर्यटकांना नवल वाटते. पण तिचे पाणी शतकानुशतके दोर-घागरीने निघत होते. वाडीच्या रहाटालाही बैलाच्या दमाची मर्यादा होती. विजेच्या पंपाला ती नाही, आणि पोहण्याचे तलाव भरणाऱ्या पंपांना तर मुळीच नाही. शेजाऱ्याची विहीर मचूळ होते ती अशी.

या किनाऱ्यावर वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर दोन मीटर म्हणजे दोन लाख लिटर. पन्हळीतून आणि पहिल्या सरींत वाया जाणारे वजा करून दीड लाखाच्या वर. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी १३५ लिटर या शासकीय मापाने हे पाणी सात महिने पुरावे. एवढी मोठी टाकी कोणी बांधणार नाही, हे उघड आहे. पण पिण्या-रांधण्यापुरते माणशी दहा लिटर धरले तर आठ कोरड्या महिन्यांसाठी बारा हजार लिटरची टाकी पुरते, आणि ती जोत्याखाली मावते. उरलेले पाणी गाळून विहिरीत सोडले तर खाऱ्या पाण्याला तेवढाच अटकाव. न्हाणीचे पाणी पूर्वी पाटाने अळवाच्या आणि केळीच्या आळ्यात जाई. ते वेगळ्या नळीने काढून वाडीला देण्यास आजही फक्त एक जादा नळी लागते, मात्र ती फरशी बसण्यापूर्वी टाकावी लागते. संडासाचे पाणी त्यात मिसळता कामा नये. किनाऱ्याच्या वाळूत शोषखड्ड्याचे पाणी फार लवकर पाझरते. जागा तीन गुंठे, स्वतःची विहीर एका कोपऱ्यात, शेजाऱ्याची कुंपणाला लागून, अशा वस्तीत प्रत्येकाने आपल्यापुरते अंतर राखून भागत नाही. गावातील सर्व विहिरी आणि शोषखड्डे दाखविणारा एक नकाशा ग्रामपंचायतीत असावा, आणि नव्या घराला परवानगी देताना तो उलगडून पाहिला जावा. हे काम एका उन्हाळ्यात गावच्या हायस्कुलातील मुले आणि त्यांचे भूगोलाचे शिक्षक करू शकतील.